अल-जझरी : पाण्याकडून वेळ मोजून घेणारा उस्ताद

मागच्या फेब्रुवारीत शाळेत विज्ञान दिनाची तयारी चालू होती. नववीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. आईच्या मोबाइलवर आलेला एक मेसेज तिने वहीत उतरवून आणला होता. जगातला पहिला कॉम्प्युटर आठशे वर्षांपूर्वी एका मुसलमान कारागिराने बनवला, असं त्यात लिहिलं होतं. खाली तिने पेन्सिलीने हत्ती काढला होता आणि हत्तीच्या पाठीवर घड्याळ. हे खरं आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी तिला सांगितलं, अर्धं खरं आहे. तो माणूस खरा आहे, हत्तीही खरा आहे. पहिला हा शब्द मात्र खरा नाही. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये वर काढलेलं दातेरी चाकांचं एक यंत्र त्याहून तेराशे वर्षं जुनं आहे. सूर्य-चंद्राची गती दाखवणारं ते यंत्र आज अँटिकिथेरा यंत्र म्हणून ओळखलं जातं.

मुलीचा चेहरा जरा उतरला. मला वाईट वाटलं, म्हणून मी तिला त्या माणसाची पूर्ण हकीकत सांगितली. ऐकल्यावर तिला पहिला-दुसरा या भांडणात रस राहिला नाही. तीच हकीकत आज आपल्या वाचकांसाठी लिहिते आहे. घरी मुलांना वाचून दाखवा.

जझिऱ्याचा माणूस

त्यांचं पूरं नाव बदीउज्जमान अबुल-इज्ज इस्माईल इब्न अर-रझ्झाज अल-जझरी. रझ्झाज म्हणजे तांदूळ विकणारा, म्हणजे घराण्यात कधी तरी तांदळाचा धंदा असावा. अल-जझरी म्हणजे जझिऱ्याचा राहणारा. हा शब्द आपल्याला नवा नाही. मुरुडच्या समुद्रातला किल्ला जंजिरा म्हणून ओळखला जातो, तो याच अरबी शब्दावरून. जझिरा म्हणजे बेट. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या मधल्या मुलखाला अरब लोक जझिरा म्हणत. आज त्याचा काही भाग तुर्कस्तानात, काही सीरियात आणि काही इराकमध्ये आहे.

अल-जझरी बाराव्या शतकातले. तो काळ सलाहुद्दीन अय्यूबीचा. लढायांच्या बातम्या रोजच्याच होत्या. जझिऱ्यात अर्तुकी नावाचं तुर्कमान घराणं राज्य करत होतं. हिजरी 570, म्हणजे इसवी सन 1174 च्या सुमारास अल-जझरी या घराण्याच्या नोकरीत आले. 1183 मध्ये सलाहुद्दीनने दजलेच्या काठचं आमिद शहर जिंकलं आणि ते या घराण्याला दिलं. काळ्या दगडाच्या तटबंदीचं हे शहर आज दियारबकर नावाने ओळखलं जातं. अल-जझरींनी आधी नूरुद्दीन मुहम्मद, मग त्यांचा मोठा मुलगा कुतबुद्दीन सुकमान आणि शेवटी धाकटा मुलगा नासिरुद्दीन महमूद अशा तीन मालकांची चाकरी केली. सत्ता बदलली, पण कारखाना तोच राहिला आणि उस्तादही तेच राहिले.

दरबारी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कवी नाही तर वजीर येतो. अल-जझरी हाताने काम करणारे होते. पितळ ओतणं, लाकूड जोडणं, तांब्याचा पत्रा ठोकणं, दोरी आणि कप्पी बसवणं हा त्यांचा रोजचा धंदा. आमिदच्या महालासाठी त्यांनी पितळेचं नक्षीदार दार बनवलं. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवून घेण्याची तरकीब त्यांनी लिहून ठेवली आहे. मोठं काम हाती घेण्याआधी ते त्याचा कागदी नमुना करून बघत. चाक बसवण्याआधी त्याचा तोल तपासत. आज ज्याला आपण वर्कशॉपची शिस्त म्हणतो ती त्यांच्याकडे होती.

सुलतानाचा हुकूम

पंचवीस वर्षं काम झाल्यावर सुलतान नासिरुद्दीन महमूद यांच्या लक्षात एक गोष्ट आली. हा माणूस बनवतो ती यंत्रं दुसरं कोणी बनवू शकत नाही, आणि उद्या हा गेला की त्याच्या बरोबर सगळं जाईल. त्यांनी अल-जझरींना हुकूम केला की जे बनवलं ते सगळं लिहून काढा.

त्या हुकमातून जो ग्रंथ झाला तो 1206 मध्ये पूरा झाला. नाव किताब फी मारिफत अल-हियल अल-हंदसिय्या. यातला हियल हा शब्द आपल्या घरच्या उर्दूत हीला-बहाना या जोडीत उरला आहे आणि तिथे त्याचा अर्थ टाळाटाळ असा झाला आहे. अरबीत मात्र हियल म्हणजे युक्तीची यंत्रं. मराठीत हिकमती म्हणतो, तो अर्थ जवळचा.

ग्रंथात 50 यंत्रं आहेत आणि ती सहा भागांत मांडली आहेत. पहिल्या भागात पाण्याची आणि मेणबत्तीची दहा घड्याळं. मग मेजवानीची भांडी आणि बाहुल्या, त्यानंतर हात धुण्याची, वुजूची आणि रक्त काढण्याची पात्रं, नंतर रूप बदलणारी कारंजी, पाणी उपसण्याची पाच यंत्रं आणि शेवटी दार, कुलूप अशा किरकोळ गोष्टी. प्रत्येक यंत्राचं चित्र, चित्रातल्या प्रत्येक भागाला एक अक्षर आणि मजकुरात त्या अक्षराचा हवाला. मापं दिलेली. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृतीला नावं देतो ना, अगदी तसंच.

आधीच्यांचं ऋणही त्यांनी लपवलं नाही. बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी नवव्या शतकात असाच एक ग्रंथ लिहिला होता, त्याचा उल्लेख ते करतात. पाण्याच्या घड्याळाची एक तरकीब आर्किमिडीजच्या नावाने चालत आली होती, तेही सांगतात. कोणाकडून काय घेतलं आणि स्वतः काय घातलं, हे त्यांच्या पुस्तकात वेगवेगळं दिसतं.

हत्तीच्या पोटातली वाटी

आता त्या मुलीच्या हत्तीकडे येऊ. हत्तीवर अंबारी आहे. पुढे माहूत बसला आहे. माहुताच्या मागे एक लेखक हातात कलम घेऊन बसला आहे. वर एका खिडकीत एक माणूस, त्याच्या दोन बाजूंना दोन ससाणे. त्यांच्या खाली दोन नागांसारखे अजगर. सगळ्यात वर घुमटावर एक पक्षी. आजचे अभ्यासक म्हणतात की हत्ती हिंदुस्तानचा, अजगर चीनचे, पक्षी इराणचा आणि पाण्याची विद्या ग्रीकांची, अशी सगळी दुनिया या एका यंत्रात आली आहे.

पण खरी गंमत बाहेर दिसत नाही, ती हत्तीच्या पोटात आहे. पोटात पाण्याची टाकी. टाकीत एक वाटी तरंगते. वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी हळूहळू वाटीत शिरतं आणि वाटी बुडत जाते. बरोबर अर्ध्या तासाने ती पूर्ण बुडते.

आपल्याकडच्या जाणत्या माणसांना हे ऐकताच ओळखू येईल. हे तर घटिकापात्र! भोकाची वाटी पाण्यात सोडायची, ती बुडली की एक घटका झाली. एक घटका म्हणजे 24 मिनिटं, आणि दिवसरात्र मिळून 60 घटका. आपल्या मुलखात ही रीत अल-जझरींच्या आधी शेकडो वर्षं चालू होती. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र ठेवण्याची पद्धत मराठी घरांत अगदी अलीकडपर्यंत होती. घड्याळ हा शब्दही त्याच घटकेतून आला. घटका भरली असं आपण बोलताना म्हणतो ते याच वाटीवरून.

फरक इतकाच की आपल्याकडे वाटी बुडाली की जवळ बसलेला माणूस घंटेवर टोला देई, वाटी रिकामी करी आणि पुन्हा पाण्यावर ठेवी. त्या माणसाला रात्रभर जागावं लागे. अल-जझरींनी त्या माणसाचं काम यंत्राला दिलं. हाच त्यांचा मोठा शोध.

कसं, ते पाहू. वाटी बुडत असते तेव्हा तिला बांधलेली दोरी लेखकाला हळूहळू फिरवते आणि त्याचं कलम खुणांवरून पुढे सरकतं. अर्ध्या तासात किती वेळ गेला हे कलमावरून वाचता येतं. वाटी बुडण्याच्या शेवटच्या क्षणी एकदम कलते आणि दुसरी दोरी ओढली जाते. त्या ओढीने वर अंबारीत साठवलेल्या गोळ्यांपैकी एक धातूची गोळी सुटते. पक्षी गोल फिरतो. गोळी ससाण्याच्या चोचीतून अजगराच्या तोंडात पडते. गोळीच्या वजनाने अजगराचं डोकं खाली झुकतं. झुकताना त्याला बांधलेली साखळी हत्तीच्या पोटातली वाटी वर खेचते आणि वाटी रिकामी होते. गोळी अजगराच्या तोंडातून खाली भांड्यात पडते, माहूत हत्तीच्या डोक्यावर मारतो, झांजेचा आवाज होतो. हलका झालेला अजगर पुन्हा वर जातो. रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर तरंगू लागते. लेखकाचं कलम पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर. पुढचा अर्धा तास सुरू.

एक गोष्ट इथे मुलांनी नीट बघावी. वाटीत स्वतःची ताकद फारच थोडी. ती एवढा देखावा हलवू शकत नाही. ती फक्त दोरीला एक झटका देते. ताकद आहे वर साठवलेल्या गोळीत. म्हणजे वेळ मोजायचं काम एकाचं आणि जोर लावायचं काम दुसऱ्याचं. आपल्या पाण्याच्या मोटरला जे स्टार्टर असतं त्यात हेच चालतं. बटणातून थोडी वीज जाते आणि ती मोठ्या विजेची वाट उघडते.

कॉम्प्युटर का म्हणतात

आता कॉम्प्युटर या शब्दाचं बघू. आपल्या हातातला मोबाइल आकडे मोजतो. शून्य आणि एक. याला डिजिटल म्हणतात. पण कॉम्प्युटरची दुसरीही एक जात होती, अ‍ॅनालॉग. ती मोजत नाही, मापते. एखाद्या गोष्टीच्या जागी तिच्यासारखी वागणारी दुसरी गोष्ट ठेवायची आणि तिच्यावरून उत्तर वाचायचं. अल-जझरींच्या यंत्रात वेळेच्या जागी पाणी आहे. विसाव्या शतकातल्या अ‍ॅनालॉग कॉम्प्युटरमध्ये पाण्याच्या जागी वीज आली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये समरेंद्र कुमार मित्रा यांनी 1953 मध्ये असा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर आपल्या देशात बनवला.

विजेच्या त्या यंत्राचा जीव म्हणजे कपॅसिटर. वाटीत जसं पाणी साठतं तशी कपॅसिटरमध्ये वीज साठते. यंत्र चालवणाऱ्याच्या हाताशी तीन मुख्य बटणं असत. पहिलं रीसेट. ते दाबलं की प्रत्येक कपॅसिटर ठरलेल्या सुरुवातीच्या पातळीवर येतो. दुसरं ऑपरेट. ते दाबलं की वीज साठायला लागते आणि गणित पुढे सरकतं. तिसरं होल्ड. ते दाबलं की सगळं आहे तिथे थांबतं, म्हणजे निवांतपणे काटा वाचता येतो.

हे तीन हुकूम सगळ्या भागांना एकाच क्षणी पोचावे लागतात. एक भाग आधी सुरू झाला आणि दुसरा मागे राहिला तर उत्तर चुकलंच. शर्यतीत एकाने शिटीच्या आधी धाव घेतली तर निकाल काय कामाचा! म्हणून यंत्रात वेळेचं वेगळं सर्किट असे आणि ते सगळ्यांना एकदम हुकूम देई. आणखी एक सोय होती. रीसेट आणि ऑपरेट हे दोन हुकूम ते सर्किट आपोआप आलटून पालटून देत राही, एका सेकंदात अनेक वेळा. मग तेच गणित पुन्हा पुन्हा सुटे आणि पडद्यावर उत्तराची रेघ स्थिर दिसे.

आता हत्तीकडे परत बघा. रिकामी वाटी पाण्यावर, कलम पहिल्या खुणेवर, हे झालं रीसेट. वाटी भरते, कलम सरकतं, हे ऑपरेट. वाटी बुडाली की गोळी सुटते आणि सगळं परत सुरुवातीला येतं, माणसाने हात न लावता. विजेच्या यंत्रात जे सेकंदात अनेक वेळा घडे, ते इथे अर्ध्या तासात एकदा घडतं. गोळी हे या यंत्राचं वेळेचं सर्किट. होल्डचं बटण हत्तीत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण किती तास गेले हे दाखवणारी एक तबकडी वर आहे, आणि वाटी कितीही वेळा रिकामी झाली तरी तबकडीवरचा हिशेब पुसला जात नाही.

हेही सांगायला हवं की यंत्र कायमचं चालत नसे. वरच्या गोळ्या संपल्या की कोणी तरी खालच्या गोळ्या उचलून पुन्हा वर ठेवाव्या लागत. अल-जझरी जादूगार नव्हते. ताकद कुठून येते आणि कधी संपते हे त्यांना माहीत होतं.

दिवस लांबतो तेव्हा

ग्रंथातलं पहिलंच यंत्र याहून मोठं आहे. त्याला आज किल्ल्याचं घड्याळ म्हणतात. सुमारे 11 फूट उंच. समोर बारा दारांच्या दोन ओळी. दर तासाला वरचं एक दार उघडून एक बाहुली पुढे येई आणि खालच्या दाराचा रंग बदले. दोन ससाणे चोचीतून गोळ्या टाकत आणि झांज वाजे. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तासाला नगारे आणि कर्णे वाजत. रात्री बारा काचेच्या तबकड्या एकामागून एक उजळत.

खरी अडचण होती तासाची. त्या काळी तास आजच्यासारखा 60 मिनिटांचा पक्का नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा सारखे भाग करत. दिवस मोठा तर तास मोठा. आपल्याकडे हा फरक फार जाणवत नाही. सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. पण दियारबकर उत्तरेला आहे. तिथे उन्हाळ्यात दिवस पावणेपंधरा तासांचा होतो आणि हिवाळ्यात साडेनऊ तासांच्या आसपास येतो. म्हणजे त्यांचा एक तास उन्हाळ्यात आपल्या 74 मिनिटांचा आणि हिवाळ्यात 48 मिनिटांचा. एकाच घड्याळाने हे दोन्ही तास दाखवायचे कसे?

उपाय असा की पाण्याची धार रोज थोडी बदलायची. हिवाळ्यात जोरात, उन्हाळ्यात हळू. धारेचं भोक पाण्याच्या पातळीपासून जितकं खाली तितकी धार जोराची. अल-जझरींनी मोठ्या टाकीतून पाणी आधी एका लहान कोठीत घेतलं. तिथे तरंगणारा एक बूच बसवला. पातळी वाढली की बूच वर येऊन वाट बंद करी, पातळी उतरली की वाट उघडे. आज आपल्या छपरावरच्या टाकीत बॉलकॉक हेच काम करतो. यामुळे मोठी टाकी भरलेली असो की अर्धी रिकामी, कोठीतली पातळी हलत नसे. त्या कोठीला फिरवता येणारी तबकडी जोडली, तबकडीवर बारा राशींच्या खुणा. सूर्य ज्या राशीत असेल तिथे काटा फिरवायचा की धारेचं भोक वर-खाली होई आणि त्या दिवसाचा तास ठरे. आज जे लोक या घड्याळाला प्रोग्रॅम करता येणारा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर म्हणतात, ते या तबकडीमुळे.

आणि या तबकडीपाशीच अल-जझरी कोण होते ते कळतं. तबकडीवर खुणा कशा करायच्या याची रीत जुन्या उस्तादांकडून चालत आली होती. तिच्या मागे मोठी नावं होती. अल-जझरींनी त्या रीतीने तबकडी बनवली, पाणी सोडलं आणि तपासलं. तास चुकले. दुसरी रीत घेतली, तीही तपासली. तीही चुकली. मग त्यांनी नावं बाजूला ठेवली. पाणी सोडायचं, मोजायचं, खूण करायची, पुन्हा सोडायचं. अशा खुणा करत करत त्यांनी स्वतःची तबकडी तयार केली.

हे का चुकत होतं, त्याचा नियम आज आपण अकरावी-बारावीला शिकवतो. खोली दुप्पट केली म्हणून धार दुप्पट होत नाही. धार दुप्पट हवी तर खोली चौपट लागते. हा नियम इटलीच्या टोरिचेलीने मांडला, तोही अल-जझरींनंतर चारशेहून जास्त वर्षांनी. अल-जझरींकडे सूत्र नव्हतं. त्यांच्याकडे पाणी होतं आणि चुका कबूल करण्याची तयारी होती. जे करून पाहिलेलं नाही त्यावर भरवसा ठेवू नये, हा त्यांच्या साऱ्या ग्रंथाचा पाया आहे.

वुजूचं पाणी आणि शेताचं पाणी

ग्रंथातल्या सगळ्याच गोष्टी दरबारी शौकाच्या नाहीत. नोकर किंवा दासीने हातावर पाणी घालावं आणि आपण वुजू करावा, हे सुलतानाला आवडत नव्हतं. म्हणून त्यांनी एक यंत्र मागितलं. अल-जझरींनी पाणी घालणारी बाहुली बनवली. वुजू झाल्यावर ती आरसा आणि रुमालही पुढे करी. एका माणसाला दुसऱ्यासमोर लोटा धरून उभं राहावं लागू नये, यासाठी बनलेलं यंत्र म्हणून मला ते फार आवडतं.

पाणी उपसण्याच्या यंत्रांत दोन नळकांड्यांचा एक पंप आहे. नदीच्या प्रवाहावर चाक फिरतं, त्या चाकाने दोन दट्टे आळीपाळीने पुढे-मागे होतात, एक पाणी ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. मोटरसायकलचं इंजिन उघडून बसणाऱ्या आपल्या मेकॅनिक मुलांना हे चित्र दाखवा. ते एका नजरेत समजतील.

ग्रंथ राहिला म्हणून

1206 नंतर अल-जझरींचं नाव नव्या कामाबरोबर आढळत नाही. पण ग्रंथ त्याच वर्षी नकलून घेतला गेला. ती प्रत इस्तंबूलच्या तोपकापी महालात जपलेली आहे. पुढे नकला होत राहिल्या. 1315 मधल्या एका प्रतीची पानं आज वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरली आहेत. हत्तीचं पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. 1974 मध्ये डोनाल्ड हिल या इंग्रज इंजिनिअरने ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला. 1976 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ग्रंथातली मापं घेऊन किल्ल्याचं घड्याळ उभं केलं गेलं, आणि ते चाललं. दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये तर हत्तीचं घड्याळ पूर्ण आकारात बनवून ठेवलं आहे. आपल्यापैकी कित्येकांनी कामाला गेल्यावर त्याच्यासमोर फोटो काढला असेल.

मरून सातशे-आठशे वर्षं झालेल्या कारागिराचं यंत्र दुसऱ्या देशातले, दुसऱ्या भाषेतले लोक नुसतं पुस्तक वाचून उभं करतात. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून हे झालं.

आता आपल्या शहराकडे बघा. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपलं औरंगाबाद पाण्याच्या हिकमतीवर उभं राहिलं. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरी बांधून जमिनीखालून पाणी आणलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीत कित्येक किलोमीटरवरून खापराच्या नळांतून पाणी येई, उंचावरून पडे आणि त्याच्या जोरावर दळण दळलं जाई. मोटर नाही, वीज नाही. पाण्याचा दाब सांभाळण्यात आपले मिस्त्री कोणापेक्षा कमी नव्हते. पण त्यांनी लिहिलेला, अल-जझरींसारखा, प्रत्येक नळाला अक्षर देऊन मापं सांगणारा ग्रंथ आपल्या हाती नाही. नहरांचा बराच भाग आज बंद आहे. सुलतान नासिरुद्दीनला जी भीती वाटली, ती आपल्याकडे खरी झाली.

हे फक्त जुन्या काळाचं नाही. माझे मामू शहागंजच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून बसलेले मामू ही माझ्या लहानपणची पक्की आठवण आहे. नुसत्या टिकटिकीवरून ते सांगत की कुठल्या चाकात दोष आहे. ते गेले तेव्हा दुकानातून एक पेटी घरी आली, त्यात चिमटे आणि स्क्रूड्रायव्हर. एकही लिहिलेला कागद नव्हता. त्यांना कोणी कधी लिहायला सांगितलंच नाही. मीही नाही, आणि मी तर बी.एड. झालेली मास्तरीण!

आपल्या मोहल्ल्यात वेल्डर आहेत, फ्रिज दुरुस्त करणारे आहेत, हिमरू विणणारे थोडे उरले आहेत, मोटर भरणारे आहेत. त्यांच्या हातात इल्म आहे. आपण मात्र मुलांना सांगतो की शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये जावं लागेल. गॅरेज ही शिक्षा आहे असं मुलाच्या मनात आपणच भरतो. मग अल-जझरींचा फोटो मोबाइलवर पुढे पाठवून काय साधतं? ते तर गॅरेजमधलेच उस्ताद होते. फरक इतकाच की त्यांच्या मालकाने त्यांच्या हाताची किंमत ओळखली आणि त्यांनी स्वतः लिहिण्याची मेहनत घेतली. घरात असा कोणी काका, मामू, दादा असेल तर मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, चित्र काढा, प्रत्येक भागाला अक्षर द्या.

शाळेचंही तसंच. प्रयोगाच्या वहीत मुलं मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे उतरवतात, हे आम्हा शिक्षकांना माहीत नाही असं नाही. आकडे बरोबर असतात आणि प्रयोग झालेलाच नसतो. अल-जझरींनी जुन्या उस्तादांचे आकडे असेच उतरवले असते तर घड्याळ चुकीचंच चाललं असतं.

त्या मुलीचं काय झालं ते सांगून थांबते. विज्ञान दिनाला तिने हत्ती बनवला नाही, वाटी बनवली. श्रीखंडाचा रिकामा डबा, बुडाला तापलेल्या सुईने पाडलेलं भोक, वजनासाठी आत दोन रुपयांची नाणी आणि खाली पाण्याची बादली. 24 मिनिटांची घटका करायची असं तिने ठरवलं होतं. पहिल्या वेळी डबा सहा मिनिटांत बुडाला. भोक मेणाने बुजवून लहान केलं तेव्हा तो बुडेचना. नाणी वाढवली, भोक पुन्हा पाडलं. नवव्या वेळी 23 मिनिटं आली आणि दहाव्या वेळी 25. तिने वहीत दहाही आकडे लिहिले होते, काही खोडून पुन्हा लिहिलेले. ती म्हणत होती की फेअर वही करून आणते. मी ती वही आहे तशीच टेबलावर ठेवायला सांगितली.